मालमोटार चालकाची झोप

साताऱ्याचा खंबाटकी घाट उतरून सांगली जिल्ह्यातील पेठनाक्याकडे रात्री मालमोटार नेणाऱ्या चालकाच्या 'नमुना १-अ' या वैद्यकीय दाखल्यात दृष्टी, रंगओळख, रातांधळेपणा व श्रवणशक्ती यांची नोंद असते. झोपेची चौकशी मात्र नसते. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, हा समज चुकीचा आहे. घोरताना श्वास वारंवार अडत असल्यास पुरेसे निजूनही चालकास डुलकी येते. हे प्रथम कळते ते बहुधा घरच्यांना. १९९१ मधील एपवर्थ प्रश्नावलीत अवघे ८ प्रश्न आहेत. २४ पैकी १० हून अधिक गुण आल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे इष्ट. परवाना जाईल या भीतीने विकार लपविण्याचे कारण नाही. झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब दिल्यास श्वासमार्ग खुला राहतो व बहुतेकांची दिवसाची झापड ओसरते.