हरणाऱ्या संघाची सोबत

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठांमधल्या गप्पांचा विषय बदलतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही मुळात तालमींची नावे. कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या या संस्थांनी फुटबॉलचे संघही पोसले आणि छत्रपती शाहू स्टेडियमवरचा सामना पेठेच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

आमच्या शेजारचे आप्पा या मैदानावर वाढलेले. वय 78. दहा वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसविला, दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली आणि तेव्हापासून त्यांचे जग खाट, औषधाचा डबा आणि गॅलरी एवढेच उरले. गेल्या हंगामात त्यांच्या पेठेचा संघ सामन्यामागून सामने हरत होता. खालच्या गटात घसरण्याची वेळ आली, तेव्हा एका सकाळी आप्पांनी घोषणा केली, ‘‘आज मी मॅचला जाणार.’’

सूनबाई घाबरल्या. ‘‘आप्पा, ती पोरं परत हरणार. उन्हात बसून जीव कशाला जाळून घेताय?’’

आप्पा म्हणाले, ‘‘जिंकणाऱ्याकडं सगळा गाव असतोय. ह्यांच्याकडं कोण हाय?’’

वाचकहो, असा प्रसंग आपल्याही घरी कधी ना कधी येतो. मैदानाच्या जागी नाटक असेल, यात्रा असेल, जुन्या मित्राकडचे लग्न असेल. काळजीपोटी आपण पटकन ‘नको’ म्हणतो. पण ही काळजी कितपत रास्त आहे, याचा विचार शांतपणे करायला हवा.

धोका खोटा नाही. 2006 च्या विश्वचषकात जर्मन संघाच्या सामन्यांच्या दिवशी म्यूनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या तुलनेत 2.66 पट झाल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. सामना सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत जोखमीचे होते आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. मात्र त्या स्पर्धेत जर्मनीने खेळलेल्या सात सामन्यांपैकी दोनच म्यूनिकमध्ये झाले. बाकीचे तिथल्या बहुतेकांनी पडद्यावरच पाहिले असणार. म्हणजे वडिलांना घरी बसविले की धोका टळला, असे नाही. धोका कमी होतो तो पूर्वतयारीने.

आप्पांची तयारी अशी झाली. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारले. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, थोड्या श्रमाने छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर हा बेत पुढे ढकलावा. आप्पांना परवानगी मिळाली. नेहमीच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, हे ठरले. पुष्कळ वृद्ध बाहेर जाताना लघवीची गोळी टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ बदलायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच बदलावी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून घोटभर पाणी घ्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती मात्र पाळावी. मधुमेह्यांनी खाण्याची वेळ चुकवू नये आणि खिशात थोडी साखर ठेवावी.

परंपरागत प्रतिस्पर्ध्यांची, गर्दीची आणि प्रसंगी हुल्लडबाजीची लढत आम्ही टाळली. अर्धा तास आधी पोहोचलो. आप्पांना खालच्या पायरीवर, कडेला, सावलीत बसविले. डोक्याला टोपी, खाली घडी केलेले घोंगडे, हाताशी काठी. स्वच्छतागृह कुठे आहे, ते आधीच पाहून ठेवले. गोल झाला की सगळे प्रेक्षक उसळून उठतात. वृद्धांनी त्यांच्याबरोबर झटकन उठू नये. एकदम उभे राहिल्याने रक्तदाब उतरतो, भोवळ येते, पडून हाड मोडते. आप्पांनी बसल्याबसल्या काठी उंचावण्याचे कबूल केले.

काठी उंचावण्याची वेळ आलीच नाही. मध्यंतरापर्यंत दोन गोल झाले, तेही आपल्याच जाळ्यात. मागची तरुण मुले स्वतःच्याच खेळाडूंना शिव्या देऊ लागली. आप्पा मागे वळले. ‘‘अरे, लेफ्टचा पोरगा लंगडतोय, दिसत न्हाई काय? तरी पळतोय.’’ मुले वरमली. थोड्या वेळाने त्यांतलाच एक जण जवळ येऊन बसला आणि विचारू लागला, ‘‘आजोबा, तुमच्या वेळचा संघ कसा होता?’’

मग आप्पा बोलू लागले. पन्नास वर्षांपूर्वीची लढत, चिखल, कोणाच्या पायातून चेंडू सुटला, कोणी डोक्याने मारला, सारे नावानिशी. काल दुपारी काय जेवलो, हे त्यांना आठवत नाही. तारुण्यातल्या आठवणी उतारवयात इतरांहून अधिक टिकून राहतात, हे मानसशास्त्राला ठाऊक आहे. स्कॉटलंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जुन्या सामन्यांची छायाचित्रे दाखवून बोलते करण्याचे उपक्रम याच आधारावर चालतात. घरी तुम्हीही जुना फोटो काढून ‘हा कोण?’ असे विचारून पाहा.

अशा दिवशी सोबत्याने एक डोळा खेळाकडे आणि एक आपल्या माणसाकडे ठेवावा. छातीवर दडपण, खांदा, हात वा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, ही लक्षणे दिसताच सामना विसरावा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल, तर ती बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही किंवा असे दुखणे पहिल्यांदाच असेल, तर ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नये.

सामना 3-0 ने गेला. लोक आधीच उठून गेले होते. आप्पा शेवटच्या शिट्टीपर्यंत बसले, गर्दी पांगल्यावर सावकाश उठले आणि कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मान खाली घालून चाललेला गोलकीपर थांबला, जवळ आला, वाकून पाया पडला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘‘पुढच्या मॅचलाबी हाय मी.’’

दोन वर्षे हा माणूस फक्त आधार घेत होता. कोणी पाणी द्यायचे, कोणी गोळी द्यायची, कोणी जिन्यात हात धरायचा. त्या दुपारी त्यांनी कोणाला तरी आधार दिला. जिंकणाऱ्या संघाला एका म्हाताऱ्याची टाळी ऐकूही आली नसती.

रात्री आप्पा दोन भाकऱ्या जेवले. पुढच्या सामन्याच्या दिवशी पाण्याची बाटली आणि टोपी सूनबाईंनीच दाराशी आणून ठेवली. फक्त एवढेच म्हणाल्या, ‘‘आप्पा, गोळी घेतली न्हवं?’’