पवईत ब्रँच कोणती आणि हॉस्टेल कितवं?

जून उजाडला की बारावीच्या मुलांच्या घरी एक तक्ता फिरू लागतो. गेल्या वर्षी आयआयटी प्रवेशांच्या ‘जोसा’ फेरीत कोणती ब्रँच कितव्या रँकला बंद झाली, याचा. जेईई ॲडव्हान्स्डला दीड लाखाहून जास्त मुलं बसतात आणि आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स खुल्या गटात पहिल्या सत्तरच्या आसपासच संपतं. त्याच्या मागे इलेक्ट्रिकल, मग बाकीच्या. पसंतीक्रमही बहुधा याच उतरत्या भाजणीने भरला जातो. त्या ब्रँचमध्ये चार वर्षं करायचं काय, हे विचारणारे पालक विरळाच.

बी.टेक.चं पहिलं वर्ष बरंचसं सामाईक असतं. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्रोग्रामिंग. वाटा फुटतात त्या पुढे. मेटलर्जीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत धातूचा छोटा तुकडा आधी जाड, मग अधिकाधिक बारीक एमरी पेपरवर घासत बसतो. आरशासारखी चकाकी आली की त्यावर सौम्य आम्ल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मग धातूचे कण आणि त्यांच्या सीमा दिसू लागतात. एक ओरखडा राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून घासा! कॉम्प्युटर सायन्सवाल्याची मेहनत निराळी. तो रात्री लॅपटॉपसमोर असाइनमेंटची मुदत गाठत असतो. दोघांची पदवी एकच, दिवस मात्र सारखे नाहीत.

आयआयटी मुंबईच्या याच आवारात आयडीसी आहे, 1969 साली सुरू झालेली डिझाइनची शाळा. तिथल्या बी.डेस.ला जेईई लागत नाही. यूसीड ही वेगळी परीक्षा असते, ती कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यालाही देता येते आणि तिच्यात चित्र काढावं लागतं. दहावीतच ‘आयआयटी म्हणजे सायन्स’ असं ठरवून टाकणाऱ्या घरांपर्यंत ही माहिती अजून पुरेशी पोचलेली दिसत नाही.

चुकलेली निवड सुधारता येते का? पूर्वी पहिल्या वर्षाच्या गुणांवर ब्रँच बदलून मिळायची. त्या आशेने फ्रेशी, म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं, वर्षभर मान मोडून अभ्यास करत. अलीकडे मुंबईसह काही आयआयटींनी ती खिडकी बंद केली आहे. ‘मायनर’ मात्र आहे. जादा विषय घेऊन केमिकलच्या मुलालाही दुसऱ्या विभागाचा रीतसर अभ्यास करता येतो. त्याची किंमत म्हणजे झोप.

हॉस्टेलची गोष्ट वेगळी. हॉस्टेलांना नावांपेक्षा आकडे जास्त चिकटले आहेत आणि मुलं तिथे ब्रँचनुसार राहत नाहीत. शेजारच्या खोलीत सिव्हिलचा, समोर फिजिक्सचा, जेवायला सगळे एकाच मेसमध्ये. खेळांपासून नाटकापर्यंत हॉस्टेलांत वर्षभर जीसीची, म्हणजे जनरल चॅम्पियनशिपची, चुरस चालते. सत्राच्या शेवटाकडे येणाऱ्या ‘पॅफ’साठी (परफॉर्मिंग आर्ट्स फेस्टिव्हल) काही हॉस्टेलं मिळून खुल्या रंगमंचावर मोठा प्रयोग उभा करतात. लेखन, नाच, संगीत, नेपथ्य, सगळं विद्यार्थ्यांचंच. 1971 पासूनचा ‘मूड इंडिगो’ आणि 1998 पासूनचा ‘टेकफेस्ट’ हे महोत्सव बाहेरच्या गर्दीला ठाऊक आहेत. पॅफ हा घरचा गणपती म्हणावा असा.

आवारही साधं नाही. एका अंगाला पवई तलाव, दुसरीकडे विहार तलाव आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तलावात मगरी, अधूनमधून बिबट्याच्या वावराची सूचना, आणि हॉस्टेलपासून वर्गापर्यंत सोडणारी ‘तुमतुम’ बस. बस चुकली तर 8.30 चा तास चुकतो आणि हजेरीचा नियम तिथेही आहेच.

या वातावरणात बुजणारेही असतात. गावात पहिला येणारा मुलगा इथे एकदम मधल्या रांगेत सरकतो, त्यात शिकवणं इंग्रजीत. नव्या मुलांना सीनियर मार्गदर्शक जोडून देण्याची पद्धत त्यासाठीच आहे आणि समुपदेशनाचं केंद्रही आहे. तिथे जायला मुलं कचरतात, हे खरं दुखणं.

आणि ब्रँचचं पुढे काय होतं? मनोहर पर्रीकर इथले मेटलर्जीचे, जयराम रमेश मेकॅनिकलचे, नंदन निलेकणी इलेक्ट्रिकलचे. पहिले दोघे राजकारणात गेले, तिसऱ्यांनी आधी इन्फोसिस उभारण्यात हातभार लावला आणि नंतर ‘आधार’चं काम हाती घेतलं. 2023 मध्ये निलेकणींनी संस्थेला 315 कोटी रुपये दिले.