पाटीवर नाव लताचं, आत संगीतकार ‘आनंदघन’

दहिसर चेकनाक्याजवळ, मीरा रोडच्या हद्दीत लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. तिथे नाटकाला येणाऱ्यांना गायिका लता ठाऊक असतेच. संगीतकार लता मात्र अजूनही अनेकांना नवलाची वाटते.

संगीतकार म्हणून लताबाईंचा पहिला चित्रपट दिनकर द. पाटलांचा ‘राम राम पाव्हणं’. साठच्या दशकात भालजी पेंढारकरांसाठी त्यांनी ‘आनंदघन’ या टोपणनावाने ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ हे चार चित्रपट केले. इतकंच. एवढ्या थोड्या कामात एवढी टिकाऊ गाणी देणारे संगीतकार मराठीत कमीच.

शब्द जगदीश खेबुडकर, शांता शेळके, योगेश यांचे. ‘साधी माणसं’मध्ये (1965) लोहार जोडप्याच्या गाण्यात खेबुडकरांची भाषा भात्याजवळची, आणि चालही तिच्याच मापाची: साधी, कुणालाही गुणगुणता येईल अशी. कठीण हरकती सहज घेणाऱ्या गळ्याने इतकी सोपी चाल रचावी, हे खरं कसब!

या चित्रपटाच्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ‘आनंदघन’ हे नाव पुकारलं गेलं, तरी कुणी उठेना. सभागृहातच बसलेल्या लताबाई म्हणजेच आनंदघन, हे मंचावरून सांगितलं गेलं, तेव्हा त्यांना पुढे यावं लागलं. ‘तांबडी माती’नंतर (1969) या नावाने नवा चित्रपट आला नाही. पार्श्वगायनातून सवड मिळणार तरी कुठून?