उलटी इस्त्री

कला शाखेच्या विद्यार्थिनीने डाख देण्याच्या शेगडीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी कोपरखैरण्याला मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून जे शिकले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

मामांचा जन्म रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेला. पूर्वीच्या सुट्या भागांना तारेचे पाय असत. ते बोर्डाच्या भोकांतून घालून मागून डाख दिला की काम भागे. आताचे भाग बिनपायांचे, बोर्डाच्या पृष्ठावरच बसवलेले. २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली, एलईडी दिवे घरोघर पोहोचले आणि पुढे दुरुस्तीला तेच येऊ लागले. इकडे मामांच्या हाताला कंप सुटला. "अगं, तांदळाच्या कणीएवढा तुकडा! धरू कुठे आणि डाख देऊ कुठे?" असे म्हणून ते गिऱ्हाइके परत पाठवू लागले. दुकान बंद करण्याची भाषा घरात सुरू झाली.

या दिव्यात अनेक एलईडी एका माळेत जोडलेले असतात. एक जळला की सारी माळ विझते. जळक्या तुकड्यावर बहुधा काळा ठिपका दिसतो. तुकड्याचे माप अवघे २.८ गुणिले ३.५ मिलिमीटर, आणि खाली ॲल्युमिनियमची चकती. उष्णता वाहून नेणे हेच तिचे काम. त्यामुळे सोल्डरिंग आयर्नच्या टोकाची ऊब ती क्षणात पसरवून टाकते आणि डाख वितळतच नाही.

मला लहानपणी पाहिलेला कल्हईवाला आठवला. तो भांड्याचा एक कोपरा तापवत नाही. सारे भांडे तापवतो, मग नवसागर टाकून कथील फिरवतो. आपणही सारी चकती का तापवू नये?

जुनी बिनवाफेची इस्त्री घेतली, मूठ काढली आणि तळ वर करून लोखंडी चौकटीत पक्की बसवली. अर्थिंगची तार तळाला जोडलेलीच ठेवली. पहिल्या दोन चकत्या मात्र करपल्या. इस्त्रीचा थर्मोस्टॅट ढोबळ. तो वीज तोडतो तोवर तापमान पुढे गेलेले असते. म्हणून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून थर्मोकपल, रिले व तापमान नियंत्रक आणला. थर्मोकपल म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा. तो तापला की अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट दाब मिळतो. तो मोजून नियंत्रक ठरलेला अंश जवळ येताच हात आखडता घेतो. जुना थर्मोस्टॅट राखणदार म्हणून राहू दिला.

बिस्मथचा डाख १३८ अंशांना वितळतो, ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला १८३ ला, बिनशिशाचा सुमारे २१७ ला. दिव्यात कोणता आहे हे आधी कळत नाही. म्हणून चकती दीडशे अंशांवर मिनिटभर ठेवायची, मग हळूहळू चढवायचे आणि डाख चकाकताच थांबायचे. जळका तुकडा चिमट्याने उचलून तितक्याच व्होल्टचा नवा, धन-ऋण बाजू पाहून ठेवायचा. त्या वेळी धक्का लागू देऊ नये, कारण सारेच तुकडे वितळल्या डाखावर तरंगत असतात. खिडकी उघडी असावी, शेवटी हात धुवावेत, आणि दिवा उघडण्यापूर्वी वीज काढून कपॅसिटर रिकामा करावा.

खरी गंमत पुढेच आहे. मामांनी पहिला तुकडा ठेवला तो वाकडा पडला. आम्ही दोघेही हळहळलो. इतक्यात वितळलेल्या डाखाच्या पृष्ठताणाने तो आपोआप फिरला आणि नेमका जागेवर बसला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरा दे."

त्यांचा हात अजून थरथरतो, पण दुकान चालू आहे. आमच्या प्राध्यापकांपैकी कोणाच्या घरी विझलेला दिवा पडून असेल, तर तो टाकून न देता माझ्याकडे द्यावा, ही नम्र विनंती.