मॉस्कोच्या नाट्यगृहांतील शागालचीं चित्रें

नाट्यगृहासाठीं काढलेल्या चित्राचें आयुष्य सामान्यतः अल्प असतें. प्रयोग बदलला कीं पडदा गुंडाळला जातो आणि जागा बदलली कीं भिंतीवरील चित्र चुन्याखालीं जातें. मार्क शागालनें १९२० सालीं मॉस्कोंतील एका लहानशा नाट्यगृहासाठीं काढलेलीं चित्रें मात्र टिकलीं. टिकलें नाहीं तें नाट्यगृहच.

शागालचा जन्म १८८७ सालीं विटेब्स्क येथील एका गरीब ज्यू कुटुंबांत झाला. राज्यक्रांतीनंतर त्यानें तेथें चित्रशाळा काढली. परंतु सहकाऱ्यांशीं मतभेद होऊन १९२० सालीं तो मॉस्कोस आला. त्याच वर्षीं अलेक्सी ग्रानोव्स्की या दिग्दर्शकाची नाटकमंडळीहि पेट्रोग्राडहून तेथें आली. पूर्व युरोपांतील ज्यूंची जी यिडिश बोलभाषा, तींत ही मंडळी नाटकें करी. एका व्यापाऱ्याचें सरकारजमा झालेलें घर तिला मिळालें आणि त्यांतच सुमारें ९० प्रेक्षकांचें नाट्यगृह उभें राहिलें. कलासमीक्षक अब्राम एफ्रोस याच्या शिफारशीवरून सजावटीचें काम शागालकडे आलें.

पहिल्या प्रयोगाचा देखावा व पोशाख तयार करूनच शागाल थांबला नाहीं. त्यानें कापडाचे मोठमोठे पट रंगवून सर्व भिंती झांकून टाकल्या. सर्वांत मोठा पट सुमारें आठ मीटर लांबीचा आहे. त्यांत नट, वादक आणि कसरती करणारे उलटेसुलटे नाचत आहेत, आणि हातांत रंगाची पाटी घेतलेल्या खुद्द शागालला उचलून एफ्रोस ग्रानोव्स्कीकडे नेत आहे. समोरच्या बाजूस संगीत, नृत्य, नाट्य व साहित्य अशीं चार चित्रें होतीं. तीं ग्रीक देवतांचीं नव्हेत. संगीत म्हणजे हिरव्या तोंडाचा खेड्यांतील सारंगीवाला. नृत्य म्हणजे लग्नांत नाचणारी बाई. नाट्य म्हणजे वऱ्हाडाला हंसविणारा विदूषक. आणि साहित्य म्हणजे धर्मग्रंथाची नक्कल करणारा लेखक. वरच्या अरुंद पट्टींत लग्नाच्या मेजवानीचें ताट मांडलें होतें. रंगभूमीचा उगम घरच्या मंगल कार्यांतच आहे, हेंच चित्रकाराला सांगावयाचें होतें. लोक या नाट्यगृहाला 'शागालची पेटी' म्हणूं लागले.

१ जानेवारी १९२१ रोजीं शोलेम अलैकेम याच्या छोट्या नाटकांनीं नाट्यगृहाचें उद्घाटन झालें. शागालला मात्र कामाचा मोबदला मिळाला नाहीं. १९२२ सालीं त्यानें रशिया सोडला व पुढें तो फ्रान्समध्यें स्थायिक झाला.

मंडळी मोठ्या जागेंत गेली, तेव्हां पट कापडावर असल्यामुळें तेहि बरोबर नेतां आले. पुढें स्टालिनच्या राजवटींत ते उतरवावे लागले. मंडळीचा प्रमुख नट सोलोमन मिखोएल्स याचा जानेवारी १९४८ मध्यें मिन्स्क येथें खून झाला. सरकारनें तो अपघात म्हणून दाखविला. १९४९ सालीं नाट्यगृहच बंद करण्यांत आलें. पट त्रेत्याकोव्ह संग्रहालयांत पोंचले आणि तेथें कित्येक वर्षें लोकांच्या दृष्टीआड गुंडाळून पडले. छताचें चित्र व दर्शनी पडदा हीं नष्ट झालीं.

१९७३ सालीं वृद्ध शागाल मॉस्कोस आला. पट त्याच्यापुढें उलगडण्यांत आले आणि अर्ध्या शतकानंतर त्यानें त्यांवर सही केली. त्यांची डागडुजी होऊन १९९१ सालीं ते स्वित्झर्लंडमध्यें प्रदर्शनास गेले. तें पाहण्यास शागाल उरला नव्हता, कारण १९८५ सालींच त्याचा अंत झाला होता. ज्या गांवकऱ्यांचीं हीं चित्रें, त्यांपैकीं असंख्य लोक दुसऱ्या महायुद्धांतील ज्यूंच्या संहारांत मारले गेले. त्यांचा सारंगीवाला, विदूषक व लग्नाचें ताट या कापडावर तेवढीं शिल्लक आहेत.