काडीमोड : पंचांची संमती आणि न्यायालयाचा निर्णय

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक राज्यांची विधिमंडळे एकेका दांपत्यासाठी स्वतंत्र अधिनियम करून घटस्फोट देत. मुंबई इलाख्यात मात्र पुष्कळ जातींत काडीमोड देण्याचा अधिकार पंचांकडे असे. १८७६ साली ‘संभू रघू’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पती हयात असता पुनर्विवाह केल्याच्या आरोपास पंचांच्या संमतीवरील प्रामाणिक विश्वासही बचाव ठरला नाही. जी पंचांच्या लेखी मुक्त, ती दंडसंहितेच्या लेखी अपराधी!

१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने रूढिमान्य घटस्फोट अबाधित राखला. शिवाय केंद्राच्या अधिसूचनेवाचून तो अनुसूचित जमातींस लागूच होत नाही. सबब नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल वा पावरा स्त्रीचा प्रश्न रूढीवर निर्भर राहतो, आणि वाद उपस्थित झाल्यास ती रूढी सिद्ध करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावरच पडतो.