पॉलिसी 1 कोटीची, ड्युटी बारा तासांची

ठाण्यातल्या एका मोठ्या सोसायटीने सुरक्षेच्या कंत्राटात यंदा नवी अट घातली. एजन्सीकडे 1 कोटी रुपयांची लायबिलिटी पॉलिसी हवी. रक्षकाच्या हलगर्जीमुळे कुणाला इजा झाली, कुणाच्या वस्तूचं नुकसान झालं, तर भरपाई विमा कंपनी भरेल. रक्षकामागे मिळणारा दर मात्र गेल्या वर्षीचाच.

वागळे इस्टेटमधल्या एजन्सीच्या कचेरीत त्यासाठीच प्रस्तावाचा फॉर्म भरला जात होता. मालक लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या एकाही माणसाकडे बंदूक नाही. म्हणून धोका कमी, असं सोसायटीवाल्यांना वाटतं. विमा सल्लागाराची यादी वेगळंच सांगते : बूम बॅरिअर गाडीच्या काचेवर आपटतो, ओल्या लॉबीत पाहुणा घसरतो, चोर समजून डिलिव्हरीच्या पोराला अडवलं जातं आणि झटापटीत त्याचा हात मोडतो. दावा लागतो तो अशाच गोष्टींचा.

पॉलिसीवर दोन मर्यादा असतात, एका अपघाताची आणि वर्षभराची. ठरलेली वजावट एजन्सीने स्वतः सोसायची. रक्षकानेच चोरी केली तर ही पॉलिसी सहसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी वेगळी घ्यावी लागते. आणि रक्षक स्वतः जखमी झाला तर? तो या कागदात नाहीच. महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर त्याने ईएसआयकडे जायचं.

सुभेदारांच्या बोलण्यात एक आकडा सारखा येतो : 160 तास. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलं आहे, तेही किमान 20 दिवसांत. माजी सैनिकांना त्यात सवलत आहे. ‘‘दावा आला की वकील आधी विचारणार, माणूस शिकवलेला होता का? 160 तासांचा कागद नसेल तर मी काय दाखवू?’’ हे ते बोलत असतानाच फोन वाजतो. उद्या सकाळी दोन पॉइंट रिकामे आहेत, कुणालाही पाठवा. या धंद्यात 160 तासांना कात्री लागते ती अशा फोनपायी.

चारित्र्य पडताळणीचंही तेच. 2012 मध्ये वडाळ्यात एका तरुण वकील महिलेचा खून तिच्याच इमारतीच्या रखवालदाराने केला. 2014 मध्ये त्याला जन्मठेप झाली. जानेवारी 2017 मध्ये हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत तरुण अभियंता महिलेचा खून झाला, तेव्हाही अटक झाली ती तिथल्या सुरक्षा रक्षकाला. अशी हानी कुठल्याही पॉलिसीने भरून निघत नाही. इथे माणूस नेमण्याआधीची चौकशीच कामाची.

त्याच सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला वाशिमकडचा एक रक्षक असतो. रिलीव्हर आला नाही म्हणून त्या दिवशी त्याची डबल ड्युटी होती. पहाटे त्याने मोबाइलच्या उजेडात वहीत सावकाश लिहिलं : ‘3.10. बी विंग. लिफ्टजवळ पाणी. हाउसकीपिंगला कळवले.’ खाली सही केली आणि लॉबीतली कुंडी ओढून पाण्याच्या अलीकडे आडवी लावली. उद्या तिथे कुणी पडलंच, तर एजन्सीचा बचाव याच ओळीवर उभा राहील. डबल ड्युटीवर जागलेल्या माणसाने ती लिहिली, हे वहीत कुठेच दिसणार नाही.

1 कोटीच्या पॉलिसीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्याला आठवतं ते एवढंच, की आधीच्या एजन्सीत असताना पार्किंगमधून सायकल गेली, सोसायटीने बिल कापलं आणि एजन्सीने ते पैसे त्याच्या पगारातून वळते केले. अशी कपात करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, असा कायदा आहे. त्याला कुणीही विचारलं नव्हतं.

सुभेदारांनी सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं आहे. 1 कोटीची पॉलिसी काढतो, पण गेटवर आठ तासांच्या तीन पाळ्या करा आणि तिसऱ्या माणसाचा पगार धरा. कमिटीने पॉलिसीचा हप्ता त्याच बैठकीत मंजूर केला. तिसऱ्या पाळीचा विषय पुढच्या सभेवर गेला आहे.